पाणवठ्यावरच्या बाईची घागर

मित्रांनो, नाशिकच्या एका हॉटेलात काचेच्या पेटीत एक पितळी घागर ठेवलेली आहे. ती मी. जेवायला आलेले लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. काढोत बापडे. मला मात्र राग आलेला आहे, आणि तो आज तुम्हाला सांगायचा आहे.

माझा जन्म तांबट आळीतला. हातोडीचे ठोके खात खात माझं पोट गोल झालं. पंचवटीच्या शकुबाईनं मला बोटानं वाजवून, पारखून विकत घेतलं. तेव्हा ती विशीत होती. त्या काळी गोदावरीच्या घाटावर सिनेमावाले येत. त्यांना पाणी भरणाऱ्या बायका लागत. सिनेमावाल्यांच्या स्वतःच्या घागरी पत्र्याच्या, वरून रंग फासलेल्या. म्हणून शकुबाईला निरोप येई, "घरची घागर घेऊन ये."

अकरा सिनेमांत आम्ही दोघी आहोत. पुढे नायक-नायिका बोलत असतात आणि मागे ती मला कमरेवर घेऊन पायऱ्या चढत असते. उन्हातान्हात तीच चाल पंधरा-पंधरा वेळा. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. अशा बायकांना ते 'एक्स्ट्रा' म्हणत. एक्स्ट्रा म्हणजे जास्तीची! अहो, या जास्तीच्या बायका घाटावरून उठून गेल्या असत्या, तर तुमचं गाव गावासारखं दिसलं असतं का? शकुबाईला त्याचं काही वाटत नसे. चिंचेनं मला घासता घासता ती म्हणायची, "काल थेटरात बघितलं गं आपल्याला. केवढ्या मोठ्या दिसतो आपण!"

मग तो दिवस आला. नायिकेनं घागरीसकट पायऱ्यांवरून पडायचं होतं. नायिका कशाला पडेल? तिच्यासारखंच हिरवं लुगडं शकुबाईला नेसवलं. "पाठमोरा शॉट आहे, दोनच पायऱ्या," दिग्दर्शक म्हणाला. दोनदा ती पडली, त्याला ते खरं वाटेना. तिसऱ्यांदा ती नऊ पायऱ्या गडगडत गेली. मी तिच्या खाली सापडले आणि तिच्या कमरेचं हाड माझ्यावर आपटून मोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती उठत नाही, हे बऱ्याच वेळानं कुणाच्या तरी लक्षात आलं.

तिला दवाखान्यात नेलं आणि मला सामानाच्या ट्रंकेत टाकलं. तिनं मला परत मागितलं, तर "ते सेटचं सामान आहे," असं उत्तर मिळालं. लंगडणारी बाई पाणवठ्यावर शोभत नाही, म्हणून तिला पुन्हा कुणी बोलावलंही नाही. सिनेमा धो धो चालला. नायिका काय पडली, जीव ओतला पोरीनं, असं कौतुक झालं. हे सगळं मला फार उशिरा, शकुबाईच्याच तोंडून कळलं. कारण मी तोवर चाळीसहून जास्त वर्षं गोदामात काळी पडत होते.

गोदाम मोडलं तेव्हा हॉटेलवाल्या दिनेशनं मला आणलं, लखलखीत केलं आणि पेटीवर पाटी लावली : 'सुप्रसिद्ध नायिकेची घागर'.

मागच्या वर्षी शकुबाईची नात तेजस्विनी अंबडच्या कंपनीत नोकरीला लागली. पहिल्या पगाराचं जेवण म्हणून ती आजीला इथेच घेऊन आली. काठी टेकत शकुबाई माझ्यासमोर आली आणि थबकली.

"तेजू, ही माझी घागर आहे."

तेजस्विनीनं पाटी वाचून दाखवली. शकुबाईचा चेहरा लाल झाला. "त्या बाईनं हिला हातसुद्धा लावला नव्हता! बोलव मालकाला."

दिनेश आला. तेजस्विनीनं मोबाइलवर तो प्रसंग लावून दाखवला.

"आजी, यात तुमचा चेहरा कुठे दिसतोय?" त्यानं हसून विचारलं.

"चेहरा दिसू नये म्हणूनच तर मला बोलावलं होतं रे!"

तिनं पाटी ओढून काढली आणि फाडली. दुसऱ्या दिवशी दिनेशनं तशीच नवी लावली. पुढच्या रविवारी शकुबाई रिक्षा करून एकटीच आली आणि तीही फाडली. तिसऱ्या रविवारी ती माझ्यासमोरच्या टेबलाशी बसली. जेवली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला लुगड्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगत राहिली. ऐकणाऱ्यांचे घास हातातच राहिले. एक बाई तर दिनेशला म्हणाली, "लाज नाही वाटत?"

शेवटी दिनेश कोरा पुठ्ठा आणि पेन घेऊन आला. त्याची मान खाली होती. "आजी, घागर घेऊन जा. तुमचीच आहे."

"आता कुठे उचलवते मला? इथेच राहू दे. पण खरं लिही."

"तुम्हीच लिहा."

तिनं लिहिलं : 'ही शकुबाईची घागर. पायऱ्यांवरून शकुबाई पडली.'

ती पाटी आजही आहे. तरी माझा राग गेलेला नाही. त्या सिनेमात तिचं नाव नाही आणि आता येणारही नाही. मित्रांनो, जुना सिनेमा बघाल तेव्हा नायिकेच्या खांद्यावरून जरा मागे बघा. तिथे चालणाऱ्यांपैकी एखादं माणूस तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असेल. ते भेटलं, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या, मग नाव विचारा आणि लिहून ठेवा. माझ्या बाईला अकरा सिनेमांत एकदाही कुणी खुर्ची दिली नव्हती.