डिशचं टक्कल

"अगं पोरी, थांब! गोल फिरवू नकोस!"

तोंडातून निघून गेलं आणि मामांनी जीभ चावली. तीस वर्षं त्यांनी या प्रयोगशाळेत काचसामान धुतलं, पेशींच्या डिश आणल्या-नेल्या, वापरून झाल्या की टाकल्या. पण कुणा संशोधकाला असं टोकलं नव्हतं. आणि निवृत्तीला उरले होते दोन दिवस.

तरुण संशोधक मुलगी डिश धरून तशीच उभी. "मामा, घाबरवलंत ना!"

"माफ करा, मॅडम. पण तुमच्या सगळ्या डिशना टक्कल पडतंय."

"काय पडतंय?"

"टक्कल. टाकायच्या आधी मी उजेडासमोर धरतो ना. मधोमध चकचकीत, कडेला दाट. माझं डोकं बघा, अगदी तस्सं."

ती हसली नाही. आठ महिने खपून तिनं एक पॉलिमर बनवलं होतं. लांबलचक साखळीचा रेणू. जनुकाला कुशीत घ्यायचं, पेशीच्या आत न्यायचं आणि अलगद सोडायचं, एवढंच त्याचं काम. जनुक पोचलं की पेशी हिरवी उजळणार. पण मधल्या पेशी मरत होत्या नि कडेच्या काळोखातच राहत होत्या. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "विषारी आहे तुझं पॉलिमर. हा शेवटचा प्रयोग. मग बंद." नळीत चारच थेंब उरले होते.

"मग कसं हलवू?"

"थेंब टाकून गोल फिरवलं की सगळं मध्ये जमतं. मधल्यांना अजीर्ण, कडेच्यांना उपास." मामांनी रिकामी डिश उचलली. मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे. "बायको नर्स. तिची रात्रपाळी असली की लेकीचा पाळणा माझ्याकडे. जोरात हलवला की रडायची, थांबवला की रडायची. हात तिथे तयार झाला."

"मग तुम्हीच हलवा."

"मी? नको हो!"

"असा हात मी आज कुठून आणू, मामा?"

तिनं उरलेले चारही थेंब नव्या डिशमध्ये सोडले. हातमोजे चढवून मामांनी डिश घेतली, नुकत्या झोपलेल्या बाळाला घ्यावं तशी. मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे. ओठ पुटपुटत मोजत होते.

दोन दिवसांनी, मामांच्या निवृत्तीच्या दिवशी, तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत ओढत नेलं. "आधी तुम्ही."

"तीस वर्षं पुसलं हे यंत्र. डोकावलो कधी नाही." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. डोळे भिंगांना लावले.

"मामा, बोला ना!"

"अगं… दिवेच दिवे. हिरवेगार!"

तिनं यंत्राची चकती फिरवून डिश सरकवली. "आणि आता? ही कड आहे."

"कडेलाही आहेत! टक्कल नाही गं कुठे!"

तिनं अशी आरोळी ठोकली की सर चहाचा कप घेऊनच धावत आले. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं. "चालू ठेव," म्हणाले, आणि कप तिथेच विसरून गेले.

तिनं वही उघडली, कृतीखाली एक ओळ लिहिली: डिश मामांनी दाखवल्याप्रमाणे हलवावी.

मामांनी ओळीवर बोट फिरवत वाचलं. "किती वेळा, ते राहिलं."

तिनं पेन पुढे केलं. आजवर बाटल्यांच्या चिठ्ठ्याच लिहिलेल्या त्या हातानं, त्याच ठसठशीत अक्षरांत, खाली लिहिलं: चार वेळा. हळू.

मग टोपण लावून पेन परत दिलं, आणि मामा बेसिनकडे वळले. काचसामान धुवायचं होतं.