खिमलालची नोंद

काठमांडूतल्या त्या कॅसिनोत नेपाळी माणसाला मनाई होती. आपला माणूस ओळखून परत पाठवायचा, एवढंच दारावरच्या दीपसराचं काम. भाऊटीकेच्या, म्हणजे नेपाळी भाऊबीजेच्या दिवशी ते फार सोपं जायचं. सातरंगी टिळा कितीही पुसला तरी भुवईत एखादा रंग अडकून राहतोच.

"टिळा पुसून सुरतेचे व्यापारी झालात होय?" तिच्या जोडीला दारावर असलेल्या, थोरला म्हणून 'दाइ' म्हटल्या जाणाऱ्या लोकेन्द्र दाइने दुपारपासून तिघांना हाकललं होतं. "घरी बहीण सेलरोटी घेऊन बसली असेल. जा!"

चौथ्याचं कपाळ कोरडं होतं. त्याने नागरिकत्वाचा दाखला पुढे ठेवला आणि दीपसराने नाव वाचून वर पाहिलं. तो खिमलाल होता. तिचा धाकटा भाऊ. कतारहून त्याचा शेवटचा फोन येऊन सहा वर्षं झाली होती. दर भाऊटीकेला ती रिकाम्या पाटावर टिळा लावायची. या वर्षी मात्र तिने पाट मांडला नव्हता. गेल्याच महिन्यात वॉर्डाच्या कचेरीत तिने स्वतः सही करून त्याच्या मृत्यूची नोंद केली होती. त्याशिवाय त्याच्या बायकोला दुसरं लग्न करता येत नव्हतं.

"नेपाळी दाखला दाखवून आत जायचंय? असा सरळ माणूस पहिल्यांदाच बघतोय!" दाइ हसत दाखल्याचा क्रमांक यंत्रात घालू लागला. मग त्याचं हसू मावळलं. "क्रमांक रद्द आहे. यंत्र म्हणतं, हा नेपाळी नाही."

"मग कुठला?"

"ते सांगत नाही. पण नेपाळी नसला तर अडवायचा कसा?"

खिमलाल टेबलावर वाकला. त्याच्या निळ्या डगल्याच्या घडीतून बारीक वाळू सांडली.

"दिदी, या वर्षी पाट नाही मांडलास."

"आत कशाला चाललास?" तिने हळूच विचारलं.

"दुसरीकडे कुठे जाऊ? इथे तरी मला कुणी अडवत नाही."

"घरी चल."

"नेतेस? मग यांना सांग, हा नेपाळीच आहे, कागद चुकलाय. तू म्हणालीस की मी आलोच तुझ्या मागे."

दीपसराने तोंड उघडलं. तिला सकाळची भावजय आठवली. लग्नाची लाल चोळी अंगाला लावून बघत होती, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसली होती.

"बहिणी, आटप," दाइ कुजबुजला. "ओळखतेस का याला?"

खिमलाल वाट बघत होता. लहानपणी टिळ्यासाठी बसायचा तसा, मान किंचित पुढे करून.

"नाही," ती म्हणाली. "आत जा, सर."

त्याची मान सावकाश सरळ झाली. डोळ्यांतली ओळख निघून गेली. परक्या पाहुण्यासारखे हात जोडून तो स्वच्छ हिंदीत म्हणाला, "शुक्रिया, बहनजी," आणि आत गेला.