इंदुमतीकाकूंच्या डाव्या हाताखाली

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. मला कुणी गाडीला लावलेले नाही, आणि सारा जन्म मी टेबलावरच काढला आहे. झाशीतल्या नंदनपुऱ्यात एका बैठ्या घरात, संगणकाच्या डाव्या अंगाला माझी जागा आहे. व्हिडिओ कापण्या-जोडण्याचे काम करणारे लोक मला जॉग-शटल म्हणतात.

माझे काम अगदी साधे आहे. संगणकाच्या पडद्यावर व्हिडिओची एक लांबलचक पट्टी दिसते, तिला टाइमलाइन म्हणतात. त्या पट्टीवर एक उभी लाल रेघ असते. रेघ जिथे थांबेल तिथले चित्र वर दिसते. मला उजवीकडे फिरवले की रेघ पुढे जाते, डावीकडे फिरवले की मागे येते. माझे आतले चाक एक खाच सरकले की एकच चित्र सरकते. एका सेकंदात अशी पंचवीस चित्रे असतात. बाहेरची कडी पिळली की मात्र तासच्या तास पळत सुटतात. एवढेच मला येते. रेघ कुठे थांबवायची हे माझ्यावर बोट ठेवणारा ठरवतो. मी नुसता फिरतो.

मला दिल्लीहून झाशीला आणले ते मार्तंडने. सिपरी बाजारात त्याचा लहानसा स्टुडिओ होता. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. वडील लग्ने लावत आणि मार्तंड लग्नांची शूटिंग करी. अंतरपाट दूर होतो तो नेमका क्षण असो, की जयमालेच्या वेळी नवरदेवाची पगडी घसरते तो, मार्तंड डोळे पडद्यावर ठेवून माझ्यावरच्या बोटानेच तो शोधून काढी. गिऱ्हाइकांना तो सांगे, "भैया, ये पहिया नहीं है, मेरा तीसरा हाथ है." हे ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे स्टुडिओत नवी मुले आली. ती सगळे काम कीबोर्डवर करीत. एके दिवशी माझी वायर गुंडाळली गेली आणि मी खणात जाऊन पडलो. संपलेल्या बॅटऱ्या, तुटके स्टँड आणि मी. अशी चार वर्षे गेली.

मला बाहेर काढले ते रमाकांतकाकांसाठी.

रमाकांतकाका मूळचे वर्ध्याचे. झाशीच्या एका सरकारी इंजिनियरिंग कंपनीत त्यांनी चौतीस वर्षे तांब्याच्या तारेची वेटोळी मोजून गुंडाळण्याचे काम केले. सुट्टीच्या दिवशी हातात छोटा कॅमेरा असे. सहली, वाढदिवस, मंडळाचा गणपती, सगळे त्यांनी टिपले होते. त्यांच्या पत्नी इंदुमतीकाकू झाशीच्याच, जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मुलगी मयुरा बँकेत नोकरी करते आणि आईवडिलांजवळच राहते.

माझ्या खणातल्या चौथ्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे, तिन्ही एका सकाळी गेले. समजत सगळे होते. शब्द तेवढे तोंडापर्यंत पोहोचत नव्हते.

बोलणे शिकवायला एक ताई घरी येऊ लागली. ती चित्रांचे पत्ते दाखवी आणि प्रेमाने म्हणे, "बोलिए आंटीजी, गिलास." काकू पत्त्याकडे पाहत राहत. गिलास हा शब्द त्यांनी बाजारात हजारदा वापरला असेल, पण घरात त्यांच्या तोंडी नेहमी फुलपात्र असे. महिनाभराने ताईने पत्ते खाली ठेवले. "अंकलजी, मराठी मुझे आती नहीं. इन्हें इन्हीं के शब्द सुनाइए. शायद कुछ लौट आए."

काका दुसऱ्याच दिवशी अठ्ठावीस कॅसेटची पिशवी घेऊन मार्तंडकडे गेले.

"मार्तंड, हिचा आवाज ह्यात आहे. मला एकेक शब्द वेगळा काढून हवा आहे."

"काका, मी मुलांना सांगतो. आठ दिवसांत देतील काढून."

"नको. तिचा शब्द कुठे सुरू होतो ते मुलांना कसं कळणार? मला शिकव."

मार्तंडने सगळ्या कॅसेट संगणकात भरून दिल्या आणि वर्षांच्या क्रमाने एकाच लांब पट्टीवर लावल्या. पण काकांचा हात थरथरत असे. माऊसने लाल रेघ पकडायला जावे तर ती एकदम एका दिवाळीतून दुसऱ्या दिवाळीत उडी मारी. काका रडकुंडीला आले. तेव्हा मार्तंडने खण उघडला, मला पुसले आणि त्यांच्यापुढे ठेवले. "काका, हे घ्या. ह्याच्यावर हात थरथरला तरी एकाच चित्राचा फरक पडतो."

असा मी नंदनपुऱ्यात आलो.

काकांनी कामाला सुरुवात केली. काकूंना कॅमेरा आवडत नसे, त्यामुळे पट्टीवर त्या फारशा दिसत नव्हत्या. चित्रात केक, रोषणाई, पाहुणे. आणि बाजूने कुठून तरी काकूंचा आवाज. 'फुलपात्र' मयुराच्या दहाव्या वाढदिवसात सापडले. 'विळी' मिळाली एका श्रावणी सोमवारी. 'ये', 'कोथिंबीर', 'हळू', 'नको'. काका कानांवर हेडफोन चढवून मला एकेक खाच पुढे-मागे करीत, शब्दाचे टोक पकडीत आणि मूळ पट्टी तशीच ठेवून तेवढ्याच शब्दाची प्रत कापून घेत. चाळीस झाले, नव्वद झाले, एकशे चाळीस झाले. प्रत्येक शब्द ते वहीत लिहीत.

संध्याकाळी ते शब्द टीव्हीवर लावत. काकू आपलाच आवाज ऐकत आणि मान भिंतीकडे वळवत. एकदा मात्र त्यांचे ओठ हलले. "न... को."

"मयुरा!" काका ओरडले. "बोलली! नको म्हणाली! ऐकलंस का?"

मयुराने आईला मिठी मारली. काकांनी वहीत त्या शब्दासमोर तारीख घातली. मला मात्र वाटले, काकू तो शब्द पाठ म्हणून दाखवत नव्हत्या. त्या खरोखरच नको म्हणत होत्या. पण मित्रांनो, चाकाने कुणाला काय सांगावे?

एक शब्द आला म्हटल्यावर काकांना आणखी शंभर हवे झाले. सकाळी मयुरा बँकेत गेली की ते काकूंना शेजारच्या खोलीत खिडकीजवळ बसवीत आणि माझ्यापुढे येऊन बसत. जेवणाची वेळ टळून जाई. शेजारच्या खोलीत काकू डाव्या हातातला चमचा टेबलावर वाजवीत. ती त्यांची हाक होती. हेडफोनमध्ये त्या वेळी वीस वर्षांपूर्वीच्या काकू बोलत असत, आणि त्या आवाजापुढे चमचा ऐकू येत नसे.

मला ऐकू येई. माझ्या कानांवर काही नव्हते.

त्या मंगळवारी चमचा बराच वेळ वाजला. काका 'दार' शोधत होते. शब्दातला 'र' नीट येत नव्हता म्हणून मला एक खाच पुढे, एक खाच मागे करीत होते. चमचा थांबला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काकू स्वतः उठत होत्या! मी काकांच्या बोटाखाली होतो, अगदी चिकटून होतो, आणि तरी त्यांना सांगू शकत नव्हतो. निदान अडकावे, फिरणेच बंद करावे, असे वाटले. तेही जमले नाही. ज्या बाजूला फिरवले त्या बाजूला मी मुकाट्याने फिरत राहिलो. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चमचा फरशीवर खणखणला. काका म्हणाले, "सापडला," आणि त्यांनी 'दार' कापून वेगळे केले.

काकू पाऊण तास फरशीवर होत्या. त्या मयुराला दिसल्या, ती दुपारी कागद न्यायला घरी आली तेव्हा.

हाड मोडले नव्हते. उजवे मनगट सुजले होते आणि कपाळाला खोक पडली होती. डॉक्टरांकडून आल्यावर मयुरा काकांसमोर उभी राहिली. ती चिडली की हिंदीत बोलते.

"बाबा, आप घर में ही थे ना? आपने सुना नहीं?"

"मी तिच्यासाठीच तर..." काकांनी वही पुढे केली. "एकशे त्र्याऐंशी शब्द झालेत, मयुरा."

"आणि ती हाक मारत होती, ते कुठल्या पानावर लिहिलंत?"

काकांनी वही मिटली. त्यानंतर चार दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. काकूंपाशी बसत, पण मान वर करून त्यांच्याकडे पाहत नसत.

पाचव्या दिवशी काकूंनी बोटाने संगणक दाखवला. मयुराने त्यांची चाकांची खुर्ची माझ्यापाशी आणली. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्यावर ठेवला. काका कसे करतात हे त्यांनी दारातून पुष्कळदा पाहिले होते. बोट हलके होते, पण थरथरत नव्हते. बाहेरची कडी पिळून त्यांनी वर्षे मागे टाकली. गणपती गेले, दिवाळ्या गेल्या, मयुरा लहान होत गेली. मग त्यांचा वेग मंदावला. पडद्यावर ओरछ्याची सहल आली. बेतवेचे पाणी, पलीकडच्या काठावरच्या राजांच्या समाधी-छत्र्या, वर बसलेली गिधाडे. काकांनी ही सहल निदान वीसदा पाहिली असेल. त्यातून 'पाणी' हा शब्द उचलून बाकीचे त्यांनी सोडून दिले होते.

काकूंनी मला दोन खाचा मागे घेतले, एक पुढे केले, आणि सोडले. चित्रात गिधाडेच होती. आवाज काकूंचा होता.

"अहो, पाणी बघून झालं, पक्षी बघून झाले. किती वेळ तो कॅमेरा लावून एक डोळा मिटून ठेवणार? इकडे या बघू. माझ्याशेजारी बसा जरा."

 काकूंनी रेघ पुन्हा मागे नेली.

"माझ्याशेजारी बसा जरा."

काका उठले. बाजूचे स्टूल ओढून ते काकूंच्या खुर्चीला लागून बसले. "बसलो, इंदू," ते म्हणाले. "हा बघ, बसलो."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी काकूंच्या हाताखाली आहे. अठ्ठावीस कॅसेटमधून त्या आपली वाक्ये शोधतात आणि घरात बोलतात. खिचडी अळणी झाली की दोन हजार चार सालच्या काकू विचारतात, "मिठाचा डबा हरवला वाटतं?" मयुरा हसून म्हणते, "लो बाबा, फिर से टोक दिया." तोंडानेही आता अकरा शब्द येतात. काका समोर बसून एकेक शब्द म्हणतात, काकू त्यांच्या ओठांकडे पाहतात आणि म्हणायचा प्रयत्न करतात. माझ्या उमेदीच्या काळातसुद्धा माझा एवढा उपयोग कुणाला झाला नव्हता.

पण गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली.

काकू काहीतरी शोधू लागल्या. तीन दुपारी त्यांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. मधे कुठे थांबत, ऐकत, मान हलवून पुढे जात. काका विचारत, "काय हवंय, इंदू?" त्या हाताने 'थांबा' म्हणत. तिसऱ्या दुपारी रेघ काकांच्या निवृत्तीच्या दिवसावर आली. दारात हारांचा ढीग, खुर्च्यांची मांडामांड. आणि एकदाच, सबंध पट्टीवर बहुधा एकदाच, काकू सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. नवी साडी, हातात ताट.

"अहो," चित्रातल्या काकू म्हणाल्या, "आज इतक्या वर्षांनी सांगते. मला ना..."

पुढचे चित्र कुणाच्या तरी अंगणातल्या आंब्याचे होते. महिनाही वेगळा होता.

काकूंनी मला एक खाच मागे घेतले. ताट हातात घेतलेल्या काकू. एक खाच पुढे. आंबा. मागे, काकू. पुढे, आंबा. पुन्हा पुन्हा. माझ्या त्या दोन खाचांच्या मध्ये काहीच नव्हते. असते तर मी ते आणून दिले असते. जेवढे टिपले तेवढेच मला दाखवता येते.

काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "बॅटरी संपत आली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "साहेब लोक यायचे होते. त्यांच्यासाठी राखून ठेवावी म्हणून मीच बंद केला." मग त्यांनी काकूंचा हात माझ्यावरून उचलून आपल्या हातात घेतला. "काय सांगायचं होतं गं तुला?"

काकूंनी तोंड उघडले.  आवाज आला नाही. डोळ्यांतून पाणी तेवढे आले.

तेव्हापासून रोज दुपारी काका तोच प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. काल काकू "म... मला" एवढे म्हणाल्या आणि थकून गेल्या. पुढे काय आहे ते काकांना माहीत नाही, मयुराला नाही, मलाही नाही. मी बाजूला पडून असतो, कारण या कामात माझा काही उपयोग नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरात असतील तर त्यांना अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. आम्हाला तेवढे पुरते. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. आता तुमच्या सर्वांच्या खिशात कॅमेरा आहे. घरातले कुणी "मला ना..." असे म्हणून तुमच्याकडे वळले, तर बॅटरीकडे पाहू नका, पाहुण्यांची काळजी करू नका. हातातले यंत्र खाली ठेवा आणि ते माणूस काय सांगते आहे ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. तुम्ही ऐकले नाहीत, तर ते मागाहून शोधून देणे मला जमणार नाही.