डाव्या चाकाची तार

चेपलेली गाडी क्रेननं गॅरेजात सोडली आणि मागोमाग सर आले. निवृत्त शिक्षक, गाडी त्यांच्या मुलीची. दहा दिवसांपूर्वी ओल्या वळणावर ती घसरून झाडावर आदळली. मुलगी जागीच गेली.

"वेग जास्त होता म्हणतात सगळे," सर म्हणाले. "हिच्या आईनं तर हाय खाल्लीय. 'मीच लवकर ये म्हणून फोन केला', एवढंच बोलते. खरं काय ते बघून सांगा."

मेकॅनिकनं गाडी ओळखली होती. अपघाताच्या आठवडाभर आधी मुलगी स्वतःच ती घेऊन आली होती. घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा मधूनच लागतो, म्हणाली होती. घसरणाऱ्या गाडीला सावरणाऱ्या यंत्रणेचा तो दिवा. गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यानं स्कॅनर लावला, नोंद पुसली, दिवा विझला.

"बघा हं काका, तुमच्या भरवशावर चालवतेय," ती हसत म्हणाली होती.

आता त्यानं पुन्हा स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बंद, म्हणून ती सावरणारी यंत्रणाही बंद. अपघाताच्या तीन किलोमीटर आधीपासून. एअरबॅगच्या नोंदीत धडकेआधीचा वेग होता ताशी एकेचाळीस.

चाकामागच्या तारेचं रबर त्यानं सोललं. आतलं तांबं तुटलेलं, टोकांवर हिरवा गंज. धडकेत तुटलं असतं तर लखलखीत दिसलं असतं. टोकं कित्येक महिने कधी टेकत होती, कधी सुटत होती.

'धडकेत तुटली' म्हटलं असतं तरी सरांना काय कळणार होतं?

"सर, वेग एकेचाळीस होता. चूक तिची नाही." तो म्हणाला. "तार आधीच तुटलेली होती. ती माझ्याकडे आली होती. मी तार न तपासताच दिवा विझवला."

सर तारेकडे बघत राहिले.

"तपासायला किती वेळ लागला असता?"

"अर्धा तास."

सरांनी बाकाची कड घट्ट धरली. मग म्हणाले, "हे सगळं लिहून द्या. सहीनिशी."

त्यानं लिहून दिलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "तिच्या आईला वाचून दाखवलं. आज पहिल्यांदा रडली. दोन घास पोटात गेले." फोन ठेवण्याआधी म्हणाले, "माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत, सर."

बायकोनं ताट वाढलं होतं. तो हात धुवायला गेला आणि नळाशीच उभा राहिला.