पाहुणीसाठी निवडलेली पानं

छे! संगणकावर ठिपक्यांचे दोन ढीग पडले. एक ढीग रानसफरचंदाचा, म्हणजे दुसरा बागेतल्या सफरचंदाशी झालेल्या संकराचा. संकर म्हटला की वनखातं कुऱ्हाड लावणार. इबराय आजोबांनी जन्मभर राखलेला रानसफरचंदांचा निम्मा उतार उघडा पडणार, आणि हे त्यांना सांगायचं कोणी? मीच, दुसरं कोण!

आमचं काम असं: पानाच्या कडेवर ठरल्या जागी खुणा करायच्या, लहान-मोठेपणा काढून टाकायचा, पानं एकावर एक बसवायची आणि एकेका पानाचा ठिपका कोणाच्या जवळ जातो ते बघायचं. उतारावरच्या वरच्या झाडांची पानं मी तोडली होती. खालच्या झाडांची आजोबांनी पाठवली होती. त्यांच्या पिशव्या पुन्हा उघडल्या, तर सगळी रुंद, टवटवीत, नव्या धुमाऱ्यांवरची! त्या पानांची घडणच वेगळी असते, म्हणजे दुसरा ढीग त्यामुळेच पडला असेल. तशीच मी अल्माटीहून त्यांच्या डोंगरावर गेले.

"आजोबा, हाताला येईल ते पान तोडा म्हटलं होतं ना?"

"वा गं वा! पाहुणीला किडकी पानं देऊ? लोक माझ्या दाढीवर थुंकतील!"

"पाहुणी काय पानं खाणार आहे?"

चहा पाजल्याशिवाय हलले नाहीत. मग तोडायला लागले, तरी हात मेला चांगल्या पानाकडेच जाई.

"डोळे मिटा!" मी खेकसले.

फळांच्या आखूड डहाळीपर्यंत त्यांचा हात मी धरून नेला आणि पान त्यांनी तोडलं. असं एकेक झाड केलं.

स्कॅनर गाडीत होताच. संध्याकाळी ठिपके एकत्र आले. एकच ढीग! म्हाताऱ्याने मला उचलायचंच बाकी ठेवलं. फक्त आजोबांच्या दारातल्या झाडाचे ठिपके लांब बसले होते.

"ते दामेशचं," आजोबा हळूच म्हणाले. दामेश म्हणजे त्यांची बायको, आता नाही. "बाजारातलं सफरचंद खाल्लं आणि बी पुरली बाईने."

"हे झाड मोजलंच नाही म्हणू या?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्याच्या परागाने बाकीची बिघडतील ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

"मग लिही. पण तोडणार मी. परक्याचा हात लागलेला तिला चालला नसता."

मला रडूच फुटलं. डोळे पुसत मी त्या झाडापुढे 'संकर' लिहिलं.