रानगरुडाचं सोंग

शाळेच्या संमेलनाच्या तालमीत उमेशने स्टेजच्या मधोमध येऊन पुठ्ठ्याचा मुखवटा काढला, केसांवरून हात फिरवला आणि संवाद म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात समोर बसलेली वर्षाली फिसकन हसली.

“काय झालं गं?” निशाबाईंनी विचारलं.

“काय नाय, बाई.”

“हसलीस ना? मग सांगून टाक.”

वर्षालीने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “तो मुखवटा काढतो कशाला? पुस्तकातला रानगरुड कधीच तोंड दाखवत नाय. बोलत पन नाय.”

“सिनेमात काढतो,” उमेश म्हणाला. “दोन-तीन पुस्तकं वाचून मोठी आली शिकवायला! मला अख्खा सिनेमा पाठ आहे.”

“माला कुठं लय कळतं? मारामारी भारीच होती. कड्यावरून उडी घेतो, तेव्हा मी डोळेच मिटले. पन त्याने तोंड दाखवला, नि वाटला, हा तर कुनीतरी हिरो हाय. मग रानगरुड गेला कुठं?”

पोशेऱ्याच्या शाळेत आल्या त्याच वर्षी निशाबाईंनी बोहाडा, गावाचा मुखवट्यांचा उत्सव, पाहिला होता. मशालींच्या उजेडात एकेक देवाचं सोंग येई, नाचे, निघून जाई. मुखवट्याआड कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असे, तरी त्या वेळी त्याला नावाने कोणी हाक मारत नसे.

“मग तूच दाखव करून,” त्या म्हणाल्या.

“पोरींना सोंग देतात का कुठं?” उमेश म्हणाला. “हिच्या बालाच विचारा!”

वर्षालीची मान खाली गेली. तिचा बाप जिवा बोहाड्यात संबळ वाजवायचा. तिने मागे एकदा त्याला विचारलं होतं. तो रागावला नव्हता. “सोंग बाप्यांचा असतो,” एवढंच म्हणून तो संबळाची दोरी आवळत बसला होता. त्यानंतर तिने विषय काढला नव्हता.

“शाळेत पोरींना देतात,” बाई म्हणाल्या.

वर्षालीने मुखवटा चढवला. ती कमरेत वाकली, तिने मान झटकन वळवली आणि दोन्ही हात हळूहळू पसरले. उमेश बघत राहिला. मग त्याने आपले कापडी पंख सोडले.

“माझ्या मापाचे आहेत. खांद्याला पिना लाव,” तो म्हणाला.

“बाई, बाला सांगू नका,” मुखवट्यातून आवाज आला.

संमेलनाला सगळं गाव आलं होतं. पाहुण्यांच्या स्वागताला संबळ वाजवून जिवा पुढच्याच रांगेत टेकला होता. स्पीकरवर सिनेमातलं संगीत सुरू झालं आणि रानगरुड स्टेजवर आला.

पण पाय उचलेनात. त्या दणदणाटात वर्षालीला ठेकाच सापडत नव्हता. मागची पोरं कुजबुजू लागली.

“बंद करा ते!” विंगेतून उमेश ओरडला आणि त्याने स्पीकरची वायर उपसली.

एकदम शांतता झाली. त्या शांततेत रानगरुडाने एक पाऊल टाकलं, मान वळवली आणि पंख उघडले.

जिवा ताठ झाला. त्याच्या हातातली काडी संबळावर पडली. पंख थरथरले. त्याने दुसरा ठोका दिला. पाऊल बरोब्बर त्यावर पडलं. मग तो उठलाच. संबळ कमरेला आवळून स्टेजवर चढला आणि बोहाड्यातल्यासारखा सोंगाकडे तोंड करून, वाजवत वाजवत मागे सरकू लागला. रानगरुड त्याच्या अंगावर झेपावत आला. राक्षस झालेली पोरं ठरल्याआधीच घाबरून कोसळली. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या धोंडीबाईने हात जोडले आणि मग पोरांच्या शिट्ट्यांनी, टाळ्यांनी मांडव दणाणून गेला. सगळ्यांत मोठी शिट्टी उमेशची होती.

खेळ संपल्यावर जिवा पडद्यामागे आला. वर्षाली अजून मुखवट्यातच होती. पंख वरखाली होत होते.

जिवाने मुखवट्याकडे नीट बघितलं.

“चैतात बोहाडा हाय,” तो म्हणाला. “येक सोंग रिकामा हाय. घेशील?”

मुखवटा जोरात वरखाली झाला.

जिवाने संबळ खांद्याला अडकवला आणि पायऱ्या उतरू लागला. उतरता उतरता, मागे न बघताच म्हणाला,

“नि घरी येताना स्वेटर घाल. तुझी आय वरडंल.”