आधी धाकटीने बघायचं

मी एक जुना कॅमेरा आहे.

पुसलं. परत घेतो.

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. डिजिटल असून जुना कसा, असं तुम्ही विचाराल, म्हणून आधीच

पुसलं.

माफ करा. ही माझ्या पहिल्या घरची सवय. तिथे पहिल्यांदा काढलेलं काहीच टिकत नसे. काढायचं, माझ्या पाठीवरच्या काचेत बघायचं, नाक मुरडायचं, पुसायचं, परत काढायचं. त्यामुळे अजूनही कुठे काही बोललो की मला वाटतं, याहून बरं आलं असतं. पण आता जसं येईल तसं येऊ दे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे भाग जुळवले आणि माझ्या पोटात एक छोटा आरसा बसवला. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो आरसा वर उडतो, पडदा उघडतो, उजेड आत येतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. तेवढ्यापुरता फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणासाठी एवढी धडपड, तो फक्त मी बघतो. हे कळलं तेव्हा मला माझा फार अभिमान वाटला होता.

माझा पहिला मालक नुकताच बाप झाला होता. बाळ शिंकलं की फोटो, जांभई दिली की फोटो, झोपलं की झोपेचे फोटो. पाहुणे माझं कौतुक करत. मग त्याच्या फोनला माझ्याहून चलाख डोळा फुटला. बाळ चालायला लागलं ते मी पाहिलं नाही. मी तोवर कपाटात गेलो होतो, तुटकी छत्री आणि कशाचे तरी चार्जर यांच्या शेजारी.

(इथे माझी बॅटरी संपली. मधला काळ मला ठाऊक नाही. तुम्हीही तो रिकामाच धरा.)

शुद्धीवर आलो तेव्हा एका दुकानाच्या काचेच्या कपाटात होतो. वरच्या फळ्यांवर नवे कोरे कॅमेरे. सगळ्यात खाली आम्ही, वापरलेले, गळ्यात किमतीची चिठ्ठी बांधून. माझ्या अंगाचं रबर चिकट झालं होतं. गिऱ्हाईक वाकून बघे, बोट लावे आणि बोट पुसे.

एके दिवशी दोन बहिणी आल्या. दोघींचेही केस पिकलेले. थोरली पुढे, धाकटी मागे. थोरलीच्या डाव्या डोळ्याभोवती सुरकुत्या जास्त होत्या, कारण फोटो काढताना तो डोळा तिने जन्मभर मिटून ठेवला होता. धाकटीच्या बोटांची टोकं पिवळट होती. फोटो धुवायच्या पाण्याने ती तशी होतात.

"आमच्या रोलवाल्याने हात वर केले," थोरली दुकानदाराला म्हणाली. "यापुढे रोल येणार नाहीत म्हणाला. शाळांनाही आता फोटो कॉम्प्युटरवरच हवेत. तेव्हा एक डिजिटल दाखवा. परवडेल असा."

"परवडेल असा म्हणजे कसा, ताई?"

"म्हणजे तुम्ही आत्ता हात लावलात तो सोडून."

दुकानदाराने हात मागे घेतला. मग तो आकडे सांगू लागला. थोरली ऐकत नव्हती. मडकं वाजवून घ्यावं तसा ती एकेक कॅमेरा कानाशी धरून बटण दाबत होती. मग तिने पिशवीतून एक जुना मोजा काढला, आणि मोज्यातून तिची लेन्स. नव्यातल्या स्वस्त कॅमेऱ्याला ती बसेना. मला चपखल बसली.

"ह्याचा आवाज भरलेला आहे," ती म्हणाली. "चिमे, ऐक जरा."

चिमीने, म्हणजे धाकटीने, ऐकलं नाही. तिने मला हातात घेऊन पालथं केलं होतं.

"ही काच कशाला?"

"मावशी, फोटो काढला की तो इथेच दिसतो," दुकानदार म्हणाला. "लगेच."

"लगेच?"

"एकदम लगेच. रोल धुवायची कटकटच गेली."

धाकटीने मला काउंटरवर ठेवलं, अगदी हळू. "ऐकलंस ना, ताई," ती म्हणाली. "कटकट म्हणजे मी."

दुकानदार हसला. थोरली हसली नाही. तिने मला घेतलं, पण घेताना माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दोघींचा एक छोटा स्टुडिओ होता. थोरली फोटो काढायची, धाकटी ते धुवायची. घरातलं लहानसं न्हाणीघर हीच डार्करूम. आत एकच माणूस मावे, तेही तिरकं. घरचा नियम असा होता की फोटो आधी धाकटीने बघायचा. थोरली बाहेरून रोल आणून देई आणि बंद दाराशी स्टूल टाकून बसे. आत लाल दिव्याखाली, पाण्यातल्या कागदावर चेहरे वर येत. धाकटी एकेक चेहरा निरखे, मग कडी काढून बाहेर येई आणि सांगे, "बरा आलाय," किंवा, "ह्या माणसाचा कान कुठे सांडून आलीस?" ती हो म्हणेपर्यंत फोटो झाला असं दोघींपैकी कुणीच मानत नसे.

मी आलो आणि त्या दाराला काम उरलं नाही.

थोरली माझ्याशी जमवून घेऊ लागली. फोटो काढला की तिचा अंगठा आपोआप रोल पुढे सरकवायचा खटका शोधे. माझ्या अंगावर तसा खटका नाही. अंगठा थोडा वेळ चाचपडे आणि परत जागेवर जाई. कार्ड बदलायचं असलं की ती भिंतीकडे तोंड करून, स्वेटरच्या आत हात घालून बदले, उजेड लागू नये म्हणून. मला सांगावंसं वाटे की बाई, माझ्या कार्डाला उजेडाचं वावडं नाही. पण आम्हाला बोलता येतं ते फक्त आत्मवृत्तात.

गिऱ्हाइकं मात्र खूश होती. फोटो काढला रे काढला की सगळी माझ्या पाठीशी गोळा होत. "माझी हनुवटी बघा कशी आलीये. पुसा. परत काढा." मला माझं पहिलं घर आठवे.

आणि धाकटी? ती सकाळी उठून डार्करूममध्ये जाई, कोरडे ट्रे धुवी, पुसून कोरडे करी आणि बाहेर येई. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "ट्रे देऊन टाकूया कुणाला तरी. बागेत रोपं लावायला बरे."

"कुणाच्या बागेत?"

"असेल कुणाची तरी." मग ताटाकडे बघत म्हणाली, "कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत बाई हवीये. परवापासून ये म्हणालेत."

"तू? लॉन्ड्रीत?"

"धुवायचंच तर काय, कपडे धुवीन. तेवढंच येतं मला."

थोरलीने पुढचा घास बराच वेळ चावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मांडीवर घेतलं आणि माझ्या पाठीवरच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली. आडवी, मग उभी, फट न ठेवता. मला भयंकर अपमान वाटला. माझ्याजवळ मिरवण्यासारखं जे एकमेव होतं, तेच तिने झाकलं.

त्या दिवशी शाळेत एका वर्गाचा फोटो होता. मुलं बाकांवर तीन रांगांत उभी राहिली. थोरलीने एक फोटो काढला. एकच. मला रोल लागत नाही हे तिला पाठ होतं, पण तिच्या बोटाला पटलेलं नव्हतं.

घरी येऊन तिने कार्ड धाकटीपुढे धरलं. "घे. काय आलंय बघ."

"तू बघितलं नाहीस?"

"कसं बघणार? पट्टी लावलीये."

धाकटीने पट्टीवरून बोट फिरवलं. डार्करूमच्या दाराच्या फटी बुजवायला आणलेली तीच पट्टी होती. डार्करूमच्या फळीवर आता शाळांच्या फोटोंसाठी घेतलेला एक जुनाट कॉम्प्युटर होता आणि तो कसा चालवायचा हे शेजारच्या टायपिस्टने तिला दोनदा दाखवलं होतं. ती आत गेली. काही गरज नसताना तिने दार लावून घेतलं. थोरली स्टूल घेऊन बाहेर बसली, मला मांडीवर धरून.

कडी निघाली.

"तिसरी रांग, डावीकडून शेवटची मुलगी. डोळे मिटलेत."

"एकीचेच ना?"

"एकीचेच. पण तिच्या घरी भिंतीवर ती जन्मभर झोपलेली राहील. तिची पोरं विचारतील, आई, तू शाळेत झोपाच काढायचीस का. दुसरा दे."

"दुसरा नाही काढला."

"एकच? अगं, ह्याला रोल नाही लागत."

"हात होत नाही माझा."

"आणि ही पट्टी कशाला लावलीस? तिथल्या तिथे बघितलं असतंस तर कळलं असतं."

"नसतं कळलं. उन्हात त्या काचेत माझंच थोबाड दिसतं. आणि सावलीत बघितलं असतं तरी ती पोरगी मला दिसली नसती, चिमे. मला घोळका दिसतो. एकेक माणूस तुला दिसतं."

धाकटीने मला तिच्या मांडीवरून उचललं आणि नखाने पट्टीचं टोक सोलायला सुरुवात केली. "लॉन्ड्रीवाल्याला उद्या येत नाही म्हणून सांगून येते," ती म्हणाली.

"फक्त उद्या?"

"बघू."

तो मिटल्या डोळ्यांचा फोटो पुसायला थोरली निघाली, तर धाकटीने तिचा हात धरला. "राहू दे. चुकलेली निगेटिव्ह कधी फेकली का आपण?" हे आठवलं म्हणून तर सुरुवातीच्या दोन पुसण्यांनंतर मीही पुसणं सोडलं. तुम्ही वाचताय त्यात काही वाक्यं वेडीवाकडी असतील. असू देत.

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्या. बाई कुरकुरल्या, "परत?" मुलं खूश, तास बुडाला. रांगा लागल्या, थोरलीने फोटो काढला आणि मला धाकटीच्या हातात दिलं. ऊन रणरणत होतं. माझ्या काचेत आभाळाखेरीज काही दिसेना. तेव्हा धाकटीने पिशवीतून डार्करूमचं काळं कापड काढलं आणि माझ्यासकट डोक्यावरून ओढून घेतलं.

"भूत," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. मग हळूहळू सगळे गप्प झाले. सगळा वर्ग त्या कापडाकडे बघत उभा राहिला.

आत अंधार होता. माझ्या काचेच्या उजेडात मला धाकटीचा चेहरा दिसला. पिवळं बोट काचेला न लावता ती एकेका मुलावरून सरकत होती. ओठ हलत होते. माझ्याकडे आजवर पुष्कळांनी बघितलं होतं, पण सगळे स्वतःला शोधत. ही दुसऱ्यांना शोधत होती.

"ताई," ती आतून म्हणाली.

"काय गं?"

"मधला चष्मेवाला जीभ काढतोय. परत."

वर्ग फुटला हसून. चष्मेवाल्याने जीभ आत घेतली. पुन्हा फोटो, पुन्हा कापड, पुन्हा शांतता. या वेळी शांतता लांबली. थोरली पायांवर वजन बदलत उभी होती.

"ये," धाकटी म्हणाली.

"मी?"

"मग कोण? ये आत. बघ."

थोरली जरा घुटमळली. इतक्या वर्षांत तिला आतून हाक आली नव्हती. मग ती वाकली आणि कापडाखाली शिरली.

"तुझा चष्मा टोचतोय."

"तू सरक ना थोडी."

दोघींची डोकी एकमेकींना टेकली. तिसऱ्या रांगेतली ती मुलगी डोळे टक्क उघडे ठेवून बघत होती, आता काही झालं तरी मिटणार नाही अशी. दोघी एकदम हसल्या. एकीने काढायचं आणि दुसरीने बघायचं, असं जन्मभर चालत आलेलं. दोघींनी एकाच वेळी बघितलेला हा पहिला फोटो. त्यांचे दोन चेहरे एका उजेडात मला दिसले, आणि त्याचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

लॉन्ड्रीत दुसरी बाई लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मीही मागतो. माझी काच मऊ कापडाने पुसा. मला ओलीत ठेवू नका. कपाटात टाकणार असाल तर बॅटरी काढून टाका. पण हे तुम्हाला दुकानदारही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी नवं यंत्र येईल, तेव्हा ते कुणाचं काम घेऊन येतंय ते बघा. ते माणूस बहुधा मागे उभं असेल आणि काही बोलणार नाही. आम्ही यंत्रं त्याची समजूत काढू शकत नाही. तुम्ही त्याला हाक मारा, जवळ बोलवा. त्याच्या डोळ्यांना जे दिसतं ते आम्हाला अजून दिसत नाही. आणि जागेचं म्हणाल, तर थोडं सरकलं की होते.